चाकाखालचा कोबा

माझी भाची स्केटबोर्ड काखेत धरून त्या उतारासमोर उकिडवी बसली आणि तिनं तळहात काँक्रीटवरून फिरवला, आधी वरून खाली, मग आडवा. बांधकामाच्या साइटवर माझी 25 वर्षं गेली. पृष्ठभागावर असा हात फिरवणारा गवंडी भेटला तर त्याला सोडायचं नसतं, हे मी त्या वर्षांत शिकलो. उतार संपून जमिनीला टेकतो तिथं तिचा हात थांबला. तिथं बोटभर फट होती आणि फटीच्या पलीकडून पेव्हर ब्लॉक सुरू होत होते.

"मामा, इथं चाक अडकणार आणि मी तोंडावर आपटणार."

मग तिनं माथ्याकडे बोट दाखवलं. तिथला लोखंडी पाइप काँक्रीटच्या आत दोन इंच बुडालेला होता. तो पाव इंच बाहेर डोकावला पाहिजे, तरच बोर्डाचे ट्रक, म्हणजे खालचे चाकं धरणारे धातूचे भाग, त्यावर टेकतात आणि घासत पुढे जातात. आत गाडलेल्या पाइपाचा खेळणाऱ्याला काडीचा उपयोग नाही. सगळ्या उतारावर निळ्या ऑइलपेंटचे दोन हात मारलेले. पहिल्या पावसात तिथं पाय ठरणार नाही हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. फलकावर मोठ्या अक्षरांत 'स्केटिंग पार्क'. आम्ही तासभर होतो. लहान मुलं उताराची घसरगुंडी करून खेळत होती, एक आजोबा पाइपाला धरून पाय ताणत होते. भाचीचा बोर्ड काही जमिनीला टेकला नाही.

ठेकेदाराला शिव्या घालणं सोपं आहे. त्याला जसा नकाशा मिळाला तसं त्यानं ओतलं, आणि ओतलेलं काँक्रीट चांगलं भक्कम होतं, पन्नास वर्षं हलणार नाही. चूक त्याआधी झाली होती. नकाशा काढण्यापासून फीत कापण्यापर्यंत बोर्डावर उभ्या राहणाऱ्या एकाही मुलाला कुणी काही विचारलेलं नव्हतं. त्या दिवसाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितो आहे.

माझं म्हणणं असं. स्केटपार्क बांधणं हे महापालिकेचं काम आहे, वाचनालय आणि बाग बांधण्याइतकंच. पण तो कसा असावा हे खेळणाऱ्यांनी सांगितलं पाहिजे, ओतताना त्यांच्यातलं कुणीतरी साइटवर उभं असलं पाहिजे, आणि बांधून झाल्यावर त्याला ना कुलूप लागावं ना फी. यातली एक जरी गोष्ट सुटली तरी पैसे पाण्यात जातात. मी ते जाताना पाहिले आहेत.

आधी काँक्रीटचं बोलतो, कारण तो माझा विषय आहे आणि माझ्या मते सगळी गोम तिथंच आहे. स्केटबोर्डाचं चाक युरेथेन या कडक प्लास्टिकचं असतं आणि त्याचा व्यास जेमतेम 50 ते 54 मिलिमीटर, म्हणजे लिंबाएवढा. एवढ्याशा कडक चाकाला ब्लॉकमधली सांध असो की वाटेत पडलेला खडीचा तुकडा, दोन्ही सारखेच. चाक जागच्या जागी थांबतं आणि वरचा माणूस पुढे फेकला जातो. आपल्या शहरांत गेल्या वीस वर्षांत फुटपाथ, बागा, सोसायट्यांची अंगणं, सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसले. पाणी मुरतं, खोदायला सोपं, म्हणून बसले असतील. बोर्ड खेळणाऱ्या मुलासाठी मात्र शहरातली बहुतेक जमीन त्यामुळे बाद झाली. मग ही मुलं रात्री दहानंतर मॉलच्या तळघरात, बंद दुकानांच्या ग्रॅनाइटच्या पायऱ्यांवर, नाही तर एखाद्या नव्या कोऱ्या डांबरी रस्त्यावर दिसतात, आणि वॉचमन त्यांना हाकलतो. गुळगुळीत जमीन शोधत ती शहरभर फिरतात.

गुळगुळीत जमीन करणं आपल्या गवंड्याला येत नाही असं नाही. आपल्या आजोळच्या घरांत कोबा होता. लाल, हिरवा, काळा, घोटून घोटून असा केलेला की उन्हाळ्यात त्यावर उघड्या अंगानं झोपावं. तो करणारे हात अजून आहेत. पार्कासाठी त्याहून अवघड असतं ते एवढंच की हा कोबा वाकवायचा असतो. तीन फूट उंचीचा उतार करायचा असेल तर साधारण सहा फुटांची त्रिज्या धरावी लागते, आणि ती कमान पहिल्या इंचापासून शेवटच्या इंचापर्यंत तीच राहावी लागते. नजरेनं केलं की मध्ये कुठंतरी सपाटी येते नाही तर उंचवटा राहतो. डोळ्याला दिसत नाही, गुडघ्याला कळतो. म्हणून प्लायवूडचा फरमा कापायचा, काँक्रीट घट्ट ठेवायचं म्हणजे ते उतारावरून खाली ओघळत नाही, एक भाग एका दमात ओतायचा म्हणजे मध्ये सांध पडत नाही, फरमा फिरवून जास्तीचं काढायचं आणि मग पोलादी थापीनं घोटत बसायचं. खोलगट बाउल असेल तर तळाला पाणी जायला वाट हवी, नाही तर जून ते सप्टेंबर त्याचं डबकं होईल आणि आरोग्य खात्याची माणसं डासांच्या अळ्या शोधत येतील. मग गोणपाट टाकून किमान सात दिवस, जमलं तर चौदा, पाणी मारायचं. यातलं एकही काम असं नाही की ज्यासाठी परदेशातून माणूस आणावा लागेल. विहिरीचा गोल कठडा आणि देवळाचा घुमट बांधणाऱ्यांच्या नातवंडांना हे जमणार नाही असं म्हणणं हा त्यांचा अपमान आहे. फक्त त्यांना कुणीतरी सांगायला हवं की इथून मुलगी कशी येणार, पाय कुठे टेकणार, कुठे वळणार.

भारतात हे सांगणारी माणसं तयार झाली आहेत, हीच गेल्या दोन दशकांतली मोठी घडामोड आहे. सुरुवात आपल्या शेजारीच, गोव्यात झाली. निक स्मिथ या ब्रिटिश स्केटरनं बार्देशातल्या शिरसई गावी पार्क उभा केला. पुढे बंगळुरूत होलीस्टोक्ड नावाचा स्थानिक मुलांचा गट उभा राहिला. 2013 मध्ये लेव्हाइस या जीन्सच्या कंपनीच्या पैशातून आणि जर्मनीहून आलेल्या बांधणाऱ्यांच्या सोबतीनं त्यांनी बंगळुरूत एक पार्क बांधला आणि तो सगळ्यांना फुकट खुला ठेवला. त्या बांधकामाचा मला वाटतो तो खरा फायदा पार्काच्या पलीकडचा आहे. पाहुणे घरी गेले आणि थापी इथल्या मुलांच्या हातात राहिली. त्यानंतर होलीस्टोक्डच्या मुलांनी देशात ठिकठिकाणी पार्क बांधले. जे बोर्डावर उभे राहतात तेच काँक्रीट घोटतात, ही पद्धत आपल्याकडे त्यांनी रुजवली.

जनवारबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. मध्य प्रदेशातल्या पन्ना जिल्ह्यातलं हे छोटं गाव, वस्ती आदिवासी आणि यादवांची. उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी 2015 मध्ये तिथं स्केटपार्क सुरू केला. जिथं पक्का रस्ता हाच कौतुकाचा विषय असतो तिथं स्केटपार्क, हे ऐकून कुणीही कपाळाला हात लावेल. पण त्यांनी नियम दोनच ठेवले. शाळेत गेलं नाही तर बोर्ड नाही, आणि मुली आधी. बोर्ड मोजके होते, त्यामुळे वाटून घ्यावे लागत, आणि वाटून घेताना या घरचा आणि त्या घरचा हा हिशेब पोरांना परवडणारा नव्हता. एक मुलगा पडला की उचलायला जो जवळ असेल तो धावणार. 2018 मध्ये त्याच गावची आशा गोंड चीनमधल्या नानजिंगला जागतिक स्पर्धेत भारताकडून उतरली. तिथं तिचा कितवा नंबर आला हे मला महत्त्वाचं वाटत नाही. जिच्या वयाच्या मुलींची लग्नं आजूबाजूला ठरत होती, ती पासपोर्ट काढून, विमानात बसून, अनोळखी देशातल्या बाउलमध्ये उतरून परत आली, हे महत्त्वाचं.

राजस्थानात उदयपूरजवळच्या खेमपूरला एका चित्रपटासाठी मोठा पार्क बांधला गेला आणि चित्रीकरण संपल्यावर तो न तोडता गावातल्या मुलांसाठी ठेवला. केरळात कोवलमला, तमिळनाडूत महाबलीपुरमला समुद्रकाठची, कोळ्यांची मुलं बोर्डावर आली. या सगळ्या ठिकाणांत एक साम्य आहे आणि ते मला खटकतं. पार्क कुणी बांधला? कुणी परदेशी पाहुण्यानं, कुणी कंपनीनं, कुणी चित्रपटवाल्यांनी, कुणी संस्थेनं वर्गणी काढून. त्यांचे उपकारच आहेत. पण ज्या यंत्रणेकडे जमीन आहे, कर आहे, इंजिनिअर आहेत आणि मुलांसाठी खेळायला जागा देणं जिच्या कामांत मोडतं, ती यात जवळजवळ कुठेच नाही. आणि जिथे आहे तिथे ती निळा ऑइलपेंट मारते.

यावर मला नेहमी ऐकवलं जातं की हा आपला खेळ नाही, हे परदेशी फॅड आहे. ज्यांनी बेअरिंगची गाडी चालवली आहे त्यांनी तरी हे म्हणू नये. माझ्या लहानपणी गॅरेजमधून टाकाऊ बेअरिंग मागून आणायचं, फळीला पुढे एक आणि मागे दोन ठोकायची, पुढची आडवी फळी पायानं किंवा दोरीनं वळवायची आणि उतारावरून सुटायचं. त्या लोखंडी चाकांचा डांबरावर होणारा खरखराट अख्ख्या आळीला ऐकू जायचा आणि कोपरं सोलली नाहीत असा दिवस जायचा नाही. कॅलिफोर्नियातल्या पोरांनी 1950 च्या दशकात केलं तेही हेच, फळीला रोलर स्केटची चाकं ठोकली. पुढे 1970 च्या दशकात युरेथेनची चाकं आली, फळीच्या जागी मेपलचे सात पदर चिकटवलेला डेक आला, म्हणून त्यांची गाडी खेळ झाली आणि आपली गाडी भंगारात गेली. आजही बोर्डाच्या प्रत्येक चाकात दोन बेअरिंगच असतात, 22 मिलिमीटरची. माझ्या भाचीनं पहिल्यांदा ती खोलून रॉकेलमध्ये धुतली तेव्हा मी तो वास ओळखला.

ऑलिंपिकमुळे हा खेळ आपल्या वर्तमानपत्रांत आला आणि त्याबरोबर एक नवा धोकाही आला. टोकियोत, 2021 मध्ये, महिलांच्या स्ट्रीट, म्हणजे रस्त्यावरच्यासारख्या पायऱ्या-कठड्यांवर खेळायच्या प्रकारात सुवर्ण घेणारी मोमिजी निशिया 13 वर्षांची होती, रौप्य मिळवणारी ब्राझीलची रायसा लेआलही 13 वर्षांची, तिसरी फुना नाकायामा 16 वर्षांची. हे पाहिल्यावर आपल्याकडे अनेक पालकांच्या आणि पुढाऱ्यांच्या डोक्यात एकच विचार आला की लहान मुलांना पकडा, पदक आणा. आशियाई स्पर्धांत हा खेळ 2018 पासून आहे, 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्येही असणार आहे. 2022 मध्ये गुजरातेत झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत तो आला आणि आपल्या श्रद्धा गायकवाडनं महाराष्ट्रासाठी सुवर्ण जिंकलं. तिचा मला अभिमान आहे. पण ते पदक दाखवून कुणी एका जिल्ह्यात एक भव्य क्रीडासंकुल आणि त्यात निवड चाचणीनंतरच प्रवेश, असला आराखडा पुढे करणार असेल तर मी त्याच्या आडवा येईन.

कारण जपानी पोरी संकुलातून अचानक उगवल्या नाहीत. त्यांच्या आधी आणि त्यांच्या भोवती कधीही पदक न मिळवणारी हजारो मुलं रोज संध्याकाळी बोर्ड घेऊन बाहेर पडत होती. हा खेळ प्रशिक्षक शिट्टी वाजवतो आणि मुलं रांगेत फेऱ्या मारतात, असा शिकला जात नाही. ऑली, म्हणजे हात न लावता बोर्डासकट हवेत उठणं, ही पहिली पायरी. मागच्या पायानं शेपूट जमिनीवर आपटायची आणि त्याच क्षणी पुढचा पाय वर सरकवत बोर्ड ओढून घ्यायचा. सांगायला एक वाक्य. माझ्या भाचीला तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत तिला खरं शिकवलं ते तिच्याहून जेमतेम वर्षभर आधी शिकलेल्या एका मुलानं. तो स्वतःही पडत होता, आणि पडून उठला की तिला सांगत होता, "खांदे वळवू नकोस, बोर्डाला समांतर ठेव." ती ऑली अखेर जमली तेव्हा आजूबाजूच्या सात-आठ जणांनी आपापले बोर्ड जमिनीवर आपटले. टाळ्यांऐवजी त्यांच्यात तसंच करतात. त्यातल्या निम्म्यांना तिचं नावही माहीत नव्हतं.

आणखी एक घोळ इथेच सांगतो. आपल्याकडे 'स्केटिंग' म्हटलं की अधिकाऱ्यांच्या डोळ्यांसमोर चाकांचे बूट आणि अंडाकृती ट्रॅक येतो. देशपातळीवर दोन्ही खेळ एकाच, रोलर स्केटिंगच्या महासंघाखाली आहेत, त्यामुळे कागदावर तो एकच विषय होतो. प्रत्यक्षात बुटाच्या स्केटिंगला मोकळी सपाट वर्तुळाकार धाव लागते, बोर्डाला कडा, उतार, पायऱ्या, अडथळे लागतात. अनेक शहरांत रिंक आहेत, तिथे सकाळ-संध्याकाळ फी भरून वर्ग चालतात, आणि बोर्ड घेऊन गेलेल्या मुलाला दारातून परत पाठवतात. माझा वर्गवाल्यांवर राग नाही, त्यांनी मुलं घडवली आहेत. पण 'आमच्याकडे स्केटिंगची सोय आहे' हे उत्तर देऊन फाइल बंद करू नका.

मला या पार्काची कल्पना करायची असते तेव्हा स्टेडियम डोळ्यांसमोर येत नाही, तालीम येते. कोल्हापुरात मोतीबाग, गंगावेश अशा तालमी चालल्या त्या पेठेच्या जिवावर. पोरगं सात-आठ वर्षांचं झालं की थोरल्या भावाच्या मागे हौद्यात उतरायचं. वस्ताद असायचा, पण निम्मं शिक्षण जोडीदाराकडूनच. लाल मातीत तेल, ताक, हळद, लिंबू घालून ती मळायची, कारण पडणार तर आहेच, तर पडणाऱ्याचं अंग जपलं पाहिजे. माती खोदायला आणि चाळायला सगळ्यांनी हात लावायचा. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान 1912 मध्ये पुरं झालं, आणि ते पाहताना माझ्यासारख्याला भरून येतं ते त्याच्या आकारामुळे. मधला हौदा आणि भोवतीचा उतार असा केलाय की कुठेही बसलं तरी पुढच्याच्या डोक्याचा अडथळा होत नाही. ज्याला कुस्ती कळते त्यानं ते मैदान विचारपूर्वक करून घेतलं हे शंभर वर्षांनीही कळतं. राजाश्रय आणि पेठेची तालीम, दोन्ही हातात हात घालून चालले तेव्हा मल्ल घडले. आज राजाच्या जागी महापालिका आहे. तिनं जमीन आणि काँक्रीट द्यावं, तालीम पोरं चालवतील.

पैसा आणि जागा कुठून आणणार? प्रश्न रास्त आहे. ज्या वॉर्डात नळाला दिवसाआड पाणी येतं तिथे कुणी आधी स्केटपार्क मागितला तर मीसुद्धा त्याच्या बाजूनं उभा राहणार नाही. पण आपल्या शहरांत उड्डाणपुलांखाली किती जागा पडून आहे हे एकदा चालत जाऊन पाहा. सावली आहे, पावसापासून आडोसा आहे, दोन बाजूंना भक्कम खांब आहेत, आणि खाली काय? भंगार गाड्या, राडारोडा, कुंड्यांत वाळलेली झाडं. अमेरिकेत पोर्टलंडला 1990 मध्ये स्केटर पोरांनी बर्नसाइड पुलाखाली कुणालाही न विचारता काँक्रीट ओतायला सुरुवात केली. आधी एक छोटा उतार, मग त्याला जोडून दुसरा. नगरपालिकेनं पुढे त्याला रीतसर मान्यता दिली आणि तो पार्क आजही चालू आहे. माझं म्हणणं परवानगीशिवाय ओता असं नाही. पण पुलाखाली माणसं आणता येतात हे आपल्याकडेही सिद्ध झालं आहे. माटुंग्याला तुळपुळे उड्डाणपुलाखाली रहिवाशांनी पाठपुरावा करून नानालाल मेहता उद्यान मिळवलं, लोअर परळला सेनापती बापट मार्गावरच्या पुलाखाली बसायला-फिरायला सुरेख जागा झाली. त्यात एका पट्ट्यात गुळगुळीत कोबा, दोन कट्टे आणि एक उतार घालायला कुणाची हरकत असावी? आणि आपल्याकडे वर्षातले चार महिने पाऊस असतो. उघड्यावरचा पार्क त्या काळात बंदच राहतो, बेअरिंग गंजतात, लाकडी रॅम्प फुगतात. छप्पर बांधायचा खर्च पुलानं आधीच केलेला आहे.

म्हणूनच मी मोठ्या पार्काच्या विरोधात आहे, निदान सुरुवातीला. शहराच्या टोकाला एक चकचकीत पार्क झाला की तिथे मोटारीतून येणारी मुलं खेळतात. ज्याच्याकडे दोन-चार मित्रांत मिळून एक बोर्ड आहे, तो बस बदलत तिथे रोज जाणार नाही. पाच प्रभागांत पाच छोटे करा, चालत जाता येतील असे. मुलींसाठी तर हे अंतर सर्वांत आधी मोजा. माझ्या बहिणीनं लेकीला संध्याकाळी सातपर्यंत खेळू दिलं ते घरापासून पाच मिनिटांवर होतं म्हणून. तिथे दिवे होते, शेजारी भाजीवाल्या बसत होत्या, येणाजाणाऱ्यांची नजर होती. आडबाजूच्या, अंधाऱ्या, कुंपणाआडच्या पार्कात तिनं लेकीला एकटीला पाठवलं नसतं, आणि मी पाठव म्हटलं नसतं. जनवारचा 'मुली आधी' हा नियम भिंतीवर लिहिणं सोपं. तो पाळायचा तर जागाच तशी निवडावी लागते.

इजा होतात, हे मी लपवणार नाही. मनगट मोडतं, घोटा मुरगळतो, ढोपरं तर कायमची खरवडलेली. भाचीच्या डाव्या मनगटाला दीड महिना प्लास्टर होतं आणि त्या दीड महिन्यात मी माझ्या बहिणीच्या नजरेला नजर देऊ शकलो नाही. पण ते मनगट मोडलं ते पार्कात नव्हे, रस्त्यावर. डांबराच्या ठिगळाला चाक अडलं आणि मागून रिक्षा येत होती म्हणून तिनं घाईनं उडी टाकली. ज्या मुलाला खेळायचंच आहे तो पार्क नसला तर रस्त्यावर खेळतो. हेल्मेट सक्तीचं करा, गुडघ्याला पॅड लावा, आणि पहिल्या आठवड्यात फक्त पडायला शिकवा, हात ताठ न ठेवता अंग गोळा करून खांद्यावर लोळायला. बाकी सगळ्यात जास्त संरक्षण खालची जमीन देते. आखाड्याची माती मळणाऱ्यांना हे शतकापूर्वी कळलं होतं.

कुलुपाबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते. चांगलं बांधलेलं सार्वजनिक मैदानही आपल्याकडे दोन-तीन वर्षांत ठेक्यावर जातं. मग तासाचा दर लागतो, सदस्यत्व येतं, दुपारी बारा ते चार बंद, सणाला मांडव. स्केटपार्कचं असं झालं तर तो संपला, कारण या खेळात निम्मा वेळ बसून दुसऱ्याचं पाहण्यात जातो, आणि तासाला पैसे मोजणारं मूल बसू शकत नाही. देखभालीला लागतं काय? झाडू, सांडलेली खडी उचलणारं कुणी, चालू दिवे, वर्षातून एकदा तडे बुजवणं. झाडू मारायचं काम पोरं स्वतः करतात, कारण खडा राहिला तर पडणार तेच. महापालिकेनं त्यांच्यातल्या दोघा-चौघांशी लेखी करार करावा, साहित्याची पेटी द्यावी आणि दर तीन महिन्यांनी येऊन पाहावं. त्याहून जास्त व्यवस्थापन मला तरी गरजेचं वाटत नाही.

गेल्या हिवाळ्यात माझ्या एका मित्रानं गोदामाशेजारची मोकळी जागा आम्हाला वापरायला दिली. आम्ही एक साधा कट्टा ओतला, आठ फूट लांब, चार फूट रुंद, दहा इंच उंच. पाऊण घनमीटर काँक्रीट, सहा गोणी सिमेंट, कडेला लोखंडी अँगल. माझ्या साइटवरचा जुना गवंडी आला होता. त्याला सुरुवातीला हे ओटा बांधायचं काम वाटलं आणि त्यानं सवयीनं कड गोल करायला घेतली. भाची म्हणाली, "काका, कड गोल नको, अँगल काँक्रीटच्या बरोबर पातळीत हवा, वरही नको, आतही नको. इथं मी घासत जाणार." त्यानं तिच्याकडे पाहिलं, बोर्ड हातात घेऊन उलटा केला, चाक फिरवून पाहिलं, ट्रकवर बोट ठेवून "हे इथं टेकणार?" असं विचारलं, आणि अँगल पुन्हा काढून नव्यानं बसवला. आठ दिवस पोरांनी सकाळ-संध्याकाळ गोणपाटावर पाणी मारलं. नवव्या दिवशी तेवीस मुलं आली. मी मोजली. त्यात आठ मुली होत्या, आणि गवंड्याचा मुलगाही होता.

पुणे महापालिकेत 2006 पासून नागरिकांना आपल्या प्रभागातली कामं अर्ज करून अंदाजपत्रकासाठी सुचवता येतात. बाकडी, पथदिवे, पदपथ यांचे अर्ज लोक भरतातच. यंदा स्केटिंगचा नाही, स्केटबोर्डचा, असं स्पष्ट लिहून अर्ज करा, सोबत खेळणाऱ्या मुलांच्या सह्या जोडा आणि नकाशा काढताना त्यांच्यातल्या दोघांना बोलवा असंही त्यात लिहा. पुण्याबाहेर असाल तर वॉर्ड ऑफिसात जाऊन हेच लिहून द्या.

कट्टा झाल्यावर गवंडी मला म्हणाला, तो वाकडा उतार कसा करतात ते दाखवा. भाचीनं प्लायवूडचा तुकडा आडवा टाकला, सहा फुटांवर जमिनीत खिळा ठोकला, त्याला सुतळी बांधली, टोकाला पेन्सिल धरून कमान आखली आणि त्यानं ती करवतीनं कापली. तो फरमा गोदामात भिंतीला टेकवून ठेवलेला आहे. वाळवी लागू नये म्हणून त्याला औषधाचे दोन हात लावले आहेत. आता वॉर्डातली जागा हवी.